फिल्टरपाशी काय लागतं: ठिबक देखभाल साहित्याच्या प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर

काम हातात आलं. सांगोला तालुक्यातल्या डाळिंब उत्पादकांच्या एका गटाला ठिबकच्या देखभालीचं नवं साहित्य हवं आहे. आत्ता त्यांच्याकडे ६४ पानांचं पुस्तक आहे, संच बसवताना मिळालेलं. ते इंग्रजीवरून उतरवलेलं दिसतं. बॅकवॉशसाठी, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुण्यासाठी, त्यात 'निस्यंदकाची प्रतिप्रवाही स्वच्छता' असे शब्द आहेत. शेतात सगळे बॅकवॉशच म्हणतात, शाळेची पायरी न चढलेला माणूसही तो शब्द बरोबर जागी वापरतो.

गटाची मागणी एका ओळीची: 'व्हिडिओ करून द्या.' किती, कशाचे, कुणासाठी, काही नाही.

मुदत मात्र पक्की आहे, आंबे बहाराचं, म्हणजे डाळिंबाच्या वर्षारंभीच्या हंगामाचं, पहिलं पाणी सुटायच्या आत. बहार धरण्याआधी डाळिंबाला ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात. तेवढे दिवस ठिबक बंद असतं. नळीत राहिलेलं पाणी आटतं आणि त्यातला क्षार ड्रिपरच्या, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोंडाच्या, बारीक वाटेत बसतो. ताण तोडायला पाणी सोडावं तर एका झाडाला धार आणि शेजारचं कोरडं. सगळ्या बागेला एकसारखं पाणी मिळायला हवं, नेमक्या त्याच दिवशी ही गत. म्हणजे आमचं साहित्य जानेवारीच्या आधी लोकांच्या हातात नसेल तर ते पुढच्या वर्षापर्यंत कामाचं नाही.

आम्ही चौघं: लिहिणारी मी, एक चित्रकार, कॅमेरा आणि आवाज सांभाळणारा एक, आणि ठिबकच्या कामात आठ वर्षं घालवलेला एक कृषी पदवीधर.

६ नोव्हेंबर

पहिली फेरी. कॅमेरा मुद्दाम नेला नाही.

पाणी दोन ठिकाणचं आहे: बोअरचं आणि शेततळ्याचं. बोअरचं जड, बादलीच्या कडेला पांढरी रेघ सोडणारं. शेततळ्यात शेवाळ. त्यामुळे आधी वाळूचा फिल्टर, मग जाळीचा, त्यापुढे खत ओढून पाण्यात सोडायची व्हेंच्युरी.

ज्यांच्या नावावर बाग आहे त्या आबांशी तासभर बोलले. संचाची किंमत, अनुदान, कोणत्या साली किती कॅरेट निघाले, सगळं त्यांना तोंडपाठ. मग विचारलं, 'आबा, बॅकवॉश कधी करता?' ते घराकडे वळून म्हणाले, 'ते हिला विचारा.'

फिल्टर काकू सांभाळतात. पुढच्या तीन बागांतही हेच. एका ठिकाणी सून, एका ठिकाणी वाटेकऱ्याची बायको, तिसरीकडे सोळा वर्षांचा मुलगा. पुस्तकातल्या प्रत्येक चित्रात मात्र टोपी घातलेला पुरुष आहे.

काकूंना विचारलं, 'व्हिडिओ केला तर कधी बघाल?'

'ताई, मोबाइल घरी चार्जिंगला असतोय. हितं येते तवा एका हातात बॅटरी असती. लाइट रातची असली की रातचंच यावं लागतंय.'

शेतीची वीज इथे काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. म्हणजे निम्मं काम अंधारात, ओल्या हातांनी, मोटरीच्या आवाजात होतं. हे आम्हाला पुण्यात बसून सुचलं नसतं.

९ नोव्हेंबर

भिंतीवर मोठा कागद लावला. देखभालीचं प्रत्येक काम लिहिलं आणि प्रत्येकापुढे तीन प्रश्न: त्या क्षणी हात कुठे आहेत, डोळे कुठे आहेत, कानाला काय ऐकू येतं?

बॅकवॉश करताना दोन्ही हात वॉलवर (म्हणजे व्हॉल्व्हवर), डोळे वॉलवर आणि गढूळ पाण्यावर, कानात मोटर. इथे व्हिडिओ बघणं शक्यच नाही. फिल्टरवर काहीतरी लागेल.

ड्रिपरचं पाणी मोजताना एक हात ग्लासावर, डोळे ग्लासावर. कान मोकळे, कारण माणूस बागेच्या टोकाला असतो, मोटरीपासून लांब.

नळ्यांतला क्षार विरघळवायला ॲसिड सोडतात, त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी घरी, हात मोकळे, डोळे मोकळे, सगळं घर सोबत. व्हिडिओची जागा ही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या रिचर्ड मेयर यांनी चित्र, शब्द आणि आवाज एकत्र आले की माणूस शिकतो कसा, यावर वर्षानुवर्षं प्रयोग केले. त्यांच्या मांडणीचा पाया असा की डोळ्यांची वाट आणि कानाची वाट वेगळी, आणि दोन्ही अरुंद. एकाच वाटेवर दोन गाड्या घातल्या की कोंडी होते. आमच्या कागदावर आणखी एक वाट वाढली, हातांची. शिकणारा वर्गात बसलेला नसतो, तो काहीतरी धरून उभा असतो.

१४ नोव्हेंबर

पहिलं चित्रीकरण. बॅकवॉश आणि नळ्या धुणं. सकाळी नऊ ते दुपारी दोन.

१९ नोव्हेंबर

पहिला कच्चा व्हिडिओ सहा जणांना दाखवला. साडेचार मिनिटांचा. नंतर त्यांना फिल्टरपाशी नेऊन म्हटलं, आता करून दाखवा.

सहापैकी चौघांचा हात चुकीच्या वॉलवर गेला. कारण कळायला वेळ लागला नाही. काकूंचा चेहरा दिसावा म्हणून आम्ही कॅमेरा त्यांच्या समोर, फिल्टरच्या पलीकडे ठेवला होता. पडद्यावर जो वॉल डावीकडे दिसतो तो करणाऱ्याच्या उजव्या हाताला असतो. आवाजात मी सांगत होते 'उजवीकडचा वॉल', आणि बघणाऱ्याला तो डावीकडे दिसत होता. पुन्हा चित्रण करायचं, कॅमेरा खांद्यामागून. चेहरा सुरुवातीला एकदा दिसला तरी पुरे, पुढे फक्त हात.

दुसरी गोष्ट जास्त जिव्हारी लागली. बॅकवॉश कधी थांबवायचा, हे बाहेर पडणाऱ्या पाण्यावरून कळतं. आधी चहासारखं, मग ताकासारखं, मग नितळ. कॅमेऱ्यात हा फरक सुंदर आला होता. पण व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून पाठवताना दाबला जातो, छोट्या पडद्यावर ताक आणि नितळ पाणी एकच दिसू लागलं. दोघांनी पाणी ताकासारखं असतानाच बंद केलं, आणि व्हिडिओत दिसलं तसंच केलं असं ठामपणे सांगितलं. ते खरंच बोलत होते. जी खूण सांगण्यासाठी व्हिडिओ केला, तीच खूण व्हिडिओत टिकत नव्हती.

उपाय कृषी पदवीधर मित्राने काढला. फिल्टरपाशी एक पांढरा प्लास्टिकचा मग टांगायचा, त्याच्या तळाला पक्क्या शाईने जाड फुली. मगात पाणी धरा, वरून बघा. फुली स्वच्छ दिसली की बॅकवॉश झाला. रात्री बॅटरीच्या उजेडातही चालतं. आमच्या साहित्याच्या यादीत आज 'मग' हा शब्द चढला.

वॉलला आकडे द्यायचंही ठरलं. डावा-उजवा, इनलेट-आउटलेट हे सगळं बंद. एक, दोन, तीन, चार.

२० नोव्हेंबर

परतीच्या बसमध्ये जुनं काहीतरी आठवलं, ते लिहून ठेवते.

१९५६ मध्ये आकाशवाणीने पुण्याच्या आसपासच्या मराठी जिल्ह्यांत ग्रामीण रेडिओ मंडळांचा प्रयोग केला होता, युनेस्कोच्या मदतीने. १५० गावांत मंडळं. लोक आठवड्यातून दोनदा एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचे, नंतर त्यावर चर्चा करायचे आणि प्रश्न केंद्राकडे पाठवायचे. पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरं यायची. मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतून झालं, पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने केलं. त्यांनी तीन तऱ्हेची गावं ताडून बघितली: मंडळ असलेली, नुसता रेडिओ असलेली आणि रेडिओच नसलेली. ज्ञानात खरी भर मंडळाच्या गावांत पडली. नुसत्या रेडिओने फारसं काही हललं नव्हतं.

या पॉल यांचे वडील ओटो न्यूराथ. १९२०च्या दशकात व्हिएन्नात त्यांनी लोकांना आकडेवारी चित्रांतून समजावण्याची पद्धत उभी केली, पुढे ती आयसोटाइप म्हणून ओळखली गेली. आज रस्त्यावर, विमानतळावर दिसणाऱ्या साध्या चित्रखुणांच्या मागे त्या कामाची परंपरा आहे. बाप चित्राच्या भाषेवर आयुष्य घालवतो आणि मुलगा आपल्या खेड्यांत येऊन मोजतो की आवाज ऐकल्यावर माणसं काय करतात. आमच्या कामाची दोन्ही टोकं एका घरात. मला हे फार जवळचं वाटतं.

आणि यातून कामाचं हे: व्हिडिओ एकट्याने बघायला पाठवायचा नाही. गटाच्या मासिक बैठकीत दाखवायचा, मध्ये थांबवायचा, विचारायचं. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बेंगळुरू प्रयोगशाळेत २००६ साली सुरू झालेल्या 'डिजिटल ग्रीन'ने हेच केलं. गावातल्याच शेतकऱ्यांना पडद्यावर आणलं, आणि व्हिडिओ दाखवणारा माणूस गावातलाच ठेवला. व्हिडिओत थांबण्याच्या जागा आम्ही आत्ताच ठरवून टाकू, तिथे चित्र तीन सेकंद स्थिर राहील.

२७ नोव्हेंबर

स्टिकरचा पहिला नमुना.

ॲसिडच्या डब्यावर लावायला आम्ही संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक वर्गीकरणातली संक्षारक पदार्थाची खूण घेतली: लाल चौकट टोकावर उभी, आत दोन नळ्यांतून थेंब पडताहेत, एक थेंब हातावर, एक धातूच्या पट्टीवर. जगभर चालणारी, अनेक देशांत कायद्याने लावली जाणारी खूण. काकूंना विचारलं, 'हे काय सांगतंय?' त्यांनी नीट निरखलं आणि म्हणाल्या, 'हात धुवा म्हणतंय.'

शेजारच्या सुनेनेही तेच सांगितलं. चित्र खरोखर तसं दिसतं, हात आणि वरून धार. ॲसिड हातावर घ्यायचं आमंत्रण आम्ही छापणार होतो.

ती खूण काढायची नाही, कारण दुकानातल्या डब्यांवर तीच असते आणि ओळखीची व्हायला हवी. पण तिच्याखाली आमच्या चित्रकाराने वेगळं चित्र काढलं: रबरी मोजे घातलेला हात, आणि बाजूला उघड्या हातावर फुली. शब्द तीनच: 'भाजतं. मोजे घाला.' 'संक्षारक' हा शब्द काढला. तो बरोबर आहे, पण भीती वाटायला हवी तिथे तो वाटू देत नाही.

वॉलच्या बिल्ल्यांना लाल-हिरवे रंग दिले होते. एक तरुण शेतकरी सहज बोलून गेला की त्याला दोन्ही सारखेच दिसतात. रंग राहू दिले, पण ओळख आकड्यावर आणि आकारावर: १ आणि २ गोल, ३ आणि ४ चौकोनी. आकडा बोटाने चाचपता येईल असा उठावाचा. रात्रीसाठी तेच बरं.

अक्षरांसाठी मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्त' हा फॉन्ट घेतला. लहान आकारात रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळत होते, म्हणून आकार वाढवला आणि मजकूर निम्मा केला. निम्मा केल्यावर लक्षात आलं की उरलेला निम्मा कुणालाच लागणार नव्हता.

क्यूआर कोडचं: तीस टक्क्यांपर्यंत खराब झाला तरी वाचता येईल अशी वरची पातळी वापरली, ऊन आणि खताच्या डागांचा विचार करून. मग कळलं की फिल्टरपाशी नेटवर्कच नाही. कोड स्टिकरवरून काढून घरी ठेवायच्या कार्डावर नेला.

२ डिसेंबर

ॲसिडच्या व्हिडिओची संहिता. आजवर मी लिहिलेल्या मजकुरांत सगळ्यात जास्त वेळा खोडलेला.

कृती अशी आहे. आपल्या पाण्याचा नमुना बादलीत घ्यायचा, त्यात ॲसिड थोडं थोडं सोडत सामू (पीएच) ४ पर्यंत आणायचा, त्यावरून पूर्ण संचाला किती लागेल ते काढायचं. मग मोटर चालू असताना व्हेंच्युरीतून सोडायचं. शेवटच्या ड्रिपरच्या पाण्यात सामूची पट्टी बुडवायची. ती केशरीकडे झुकली की ॲसिड टोकापर्यंत पोचलं. मोटर बंद, संच चोवीस तास तसाच. दुसऱ्या दिवशी आधी सबमेनचा, म्हणजे नळ्यांना पाणी देणाऱ्या पाइपचा, फ्लश वॉल, मग नळ्यांची टोकं चार-चार करून उघडायची आणि नितळ पाणी येईपर्यंत वाहू द्यायचं.

यात जिवाशी खेळ दोन ठिकाणी आहे. पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही, नाहीतर उसळून अंगावर येतं. आणि शेवाळासाठी वापरतात ती ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनचं द्रावण ॲसिडसोबत कधीच नाही, कारण त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि तो फुप्फुसं जाळतो.

प्रश्न होता, हे दोन इशारे ठेवायचे कुठे? माझ्या पहिल्या खर्ड्यात ते व्हिडिओच्या सुरुवातीला होते. पण माणसं सुरुवात पुढे ढकलतात, आम्हीही ढकलतो. आणि ज्याने व्हिडिओ पाहिलाच नाही, तो मुलगा डबा उघडणार आहे. म्हणून ठरलं: इशारा डब्याच्या झाकणावर. झाकण फिरवायचं तर हात तिथेच जातो. तोच इशारा व्हिडिओत कृतीच्या ऐन क्षणी, बादली समोर असताना. आणि तोच बैठकीत तोंडी. शब्द तिन्हीकडे तेच, एक अक्षर इकडचं तिकडे नाही: 'आधी पाणी, मग ॲसिड.'

सामूच्या पट्टीचा रंग बॅटरीच्या उजेडात फसवतो, हेही करून बघितलं. म्हणून नियम: ॲसिडचं काम दिवसाची लाइट असेल तेव्हाच. कॅमेऱ्यातही पट्टीचा रंग भरवशाचा येत नव्हता, तेव्हा व्हिडिओत रंग दाखवण्याऐवजी हात पट्टी पुडक्यावरच्या छापील रंगांशी लावून बघतो, ती क्रिया दाखवली.

८ डिसेंबर

आज आमच्यात खरा मतभेद झाला. पडद्यावर अक्षरं द्यायची की नाही?

मेयर यांच्या प्रयोगांचं म्हणणं असं की चित्र आणि आवाज असताना तेच शब्द खाली लिहून दिले तर शिकणं सुधारण्याऐवजी बिघडतं, कारण डोळे चित्र सोडून अक्षरांमागे जातात. कॅमेरावाल्याचं मत हेच, आणि आमच्या पहिल्या व्हिडिओत ते दिसलंही. लोक खालची ओळ वाचत होते, तेवढ्यात वरचा हात वॉल फिरवून मोकळा झाला होता.

चित्रकाराने दुसरी बाजू मांडली. ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून अहमदाबादच्या आयआयएममध्ये सुरू केलेलं काम: दूरदर्शनवरच्या गाण्यांखाली त्याच भाषेत शब्द दाखवायचे, म्हणजे अर्धवट वाचता येणाऱ्यांना सहज सराव होतो. 'चित्रहार'मध्ये ते प्रत्यक्ष झालं. तिचं म्हणणं, अक्षरं काढली तर ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना आपण बाहेर ठेवतो. आबांना कमी ऐकू येतं.

दोन्ही खरं आहे, आणि दोन्हींचा हेतू वेगळा आहे. गाण्यात डोळ्यांनी दुसरं काही पकडायचं नसतं, आमच्याकडे हात पकडायचा आहे. शेवटी असं ठरलं: हात हलत असताना पडद्यावर फक्त आकडा, त्या वॉलच्या शेजारीच, खाली पट्टीत नाही. हात थांबला की तीन सेकंद स्थिर चित्र आणि त्यावर पूर्ण वाक्य. थांबण्याच्या जागा आधीच ठरलेल्या होत्या, त्या इथे कामाला आल्या. शिवाय पूर्ण अक्षरांची वेगळी प्रत, ज्याला हवी त्याला.

आवाज माझा होता. तो काढला. पुण्याच्या स्टुडिओतलं स्वच्छ मराठी ऐकून लोक मान डोलावतात, पण प्रश्न विचारत नाहीत. काकूंच्या सुनेने संहिता वाचली, मग बाजूला ठेवली आणि आपल्या शब्दांत सांगितली. ती प्रत घेतली. 'वॉल सोडा' आणि 'वॉल उघडा' यांत इथे फरक आहे, तो मला तिच्याकडून कळला: सोडा म्हणजे पूर्ण, उघडा म्हणजे थोडा थोडा.

१३ डिसेंबर

ड्रिपर मोजण्याचं काम. ताशी ४ लिटरचा ड्रिपर नीट चालत असेल तर ३ मिनिटांत २०० मिलिलिटर पाणी देतो. पहिल्या झाडापाशी आणि शेवटच्या झाडापाशी मोजलं की संचाची तब्येत कळते. अडचण घड्याळाची. एका हातात ग्लास, दुसऱ्या हाताने नळी धरलेली, मोबाइलवरचं घड्याळ ओल्या बोटांनी लावायचं, आणि उन्हात पडदा दिसत नाही.

तेव्हा असं सुचलं की नेमक्या तीन मिनिटांची ध्वनिफीत करावी. खिशात मोबाइल, फीत लावायची, 'धरा' म्हटलं की ग्लास धरायचा, 'सोडा' म्हटलं की काढायचा. मधल्या वेळात सून सांगते: ड्रिपरच्या तोंडाशी पांढरं दिसतंय का, नळीला उंदरानं कुरतडलंय का, थेंब पडतोय की धार. तिच्या बोलण्याची लांबी हेच माप. व्हॉट्सॲपवर ध्वनी पाठवला तर त्याचा दर्जा घसरेल, पण त्याची लांबी बदलत नाही. पाण्याचा रंग दबून गेला होता, तीन मिनिटं दबत नाहीत.

या संपूर्ण कामात माझं सगळ्यात आवडतं साहित्य हे आहे. यात एकही चित्र नाही.

फीत सातव्या प्रयत्नाला बरोबर १८० सेकंदांची झाली.

२१ डिसेंबर

रात्रीची चाचणी. लाइट साडेअकराला आली. थंडी चांगलीच.

फिल्टरवर बिल्ले, स्टिकर, मग. व्हिडिओ आठवड्यापूर्वी बैठकीत दाखवलेला, आज कुणाकडे मोबाइल नाही. बॅकवॉशचा क्रम या गटातल्या संचांसाठी असा बसवला आहे: ४ उघडा, २ बंद, ३ उघडा, १ बंद. परत येताना उलटा: १ उघडा, ३ बंद, २ उघडा, ४ बंद. यात मोटर चालू असताना पाण्याला कायम कुठेतरी वाट मिळते. जुन्या पुस्तकात आधी दोन वॉल बंद करायला सांगितलं होतं. तसं केलं की पाणी कोंडतं, दाब चढतो, जोड निखळतात. त्यामुळे लोक आधी मोटर बंद करत, आणि रात्री ती पुन्हा चालू करायचा कंटाळा म्हणून बॅकवॉशच टाळत. हे त्यांनी आजच सांगितलं, बॅटरीच्या उजेडात, काम करता करता. दिवसाच्या तीन भेटींत नव्हतं सांगितलं.

स्टिकरवर क्रम बाणांनी दाखवला होता. चार आकडे, मध्ये वळणारे बाण, परतीचे बाण दुसऱ्या रंगात. दिवसा सुबक दिसणारं हे चित्र बॅटरीच्या गोल उजेडात तुकड्यातुकड्यांत दिसत होतं. एका वेळी दोनच बाण. सोळा वर्षांचा मुलगा परतीच्या बाणावर गेला आणि अडकला.

काकूंनी मात्र स्टिकरकडे पाहिलंच नाही. बॅटरी काखेत धरून, आकडे बोटांनी चाचपत सरळ करत गेल्या. मोटरीच्या आवाजात ओठ हलताना दिसत होते. नंतर विचारलं, 'काकू, काय म्हणत होता?'

'बेचाळीस एकतीस. येताना तेरा चोवीस. भावाचा फोन नंबर ध्यानात ठिवते तसं.'

चार-दोन-तीन-एक. एक-तीन-दोन-चार. आम्ही महिनाभर या चार आकड्यांभोवती बाण काढत होतो.

२८ डिसेंबर

स्टिकरची तिसरी आवृत्ती. बाण सगळे काढले. वरच्या ओळीत '४२ ३१', खालच्या ओळीत '१३ २४', हाताच्या पंजाएवढे आकडे. बाजूला मगाचं चित्र आणि तळाची फुली. जुना नमुना फाइलला लावून ठेवला.

गेजची खूणही यातच: फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबाच्या गेजमधला फरक अर्धा किलो (दर चौरस सेंटिमीटरला) झाला की बॅकवॉश. दोन काट्यांचं चित्र, शब्द नाहीत.

सुनेने बॅकवॉशच्या व्हिडिओत आपला आवाज पुन्हा भरला. 'बेचाळीस एकतीस' म्हणताना तिने नकळत ताल धरला, तो तसाच ठेवला.

५ जानेवारी

काकूंच्या बागेत ॲसिडचा दिवस. लाइट दिवसाची. आम्ही फक्त बघायला, मध्ये बोलायचं नाही असं आधी ठरवलं होतं.

आदल्या रात्री घरात व्हिडिओ दोनदा लागला. दुसऱ्यांदा आबांनी अक्षरांची प्रत मागून घेतली. सकाळी मोजे, चष्मा, बादली. झाकणावर हात गेला तेव्हा मुलगा थांबला, वाचलं, बादलीत आधी पाणी घेतलं. मी श्वास रोखून उभी होते.

व्हेंच्युरी ओढत नव्हती. हे आमच्या कुठल्याच साहित्यात नव्हतं. दोन्ही बाजूंच्या दाबात पुरेसा फरक असल्याशिवाय व्हेंच्युरी ओढत नाही, त्यासाठी तिच्या समांतर असलेला वॉल हळूहळू आवळावा लागतो. कृषी पदवीधर मित्राला ते इतकं सवयीचं की सांगायचं राहिलं. हे खरं व्हिडिओचं काम आहे: किती हळू, किती आवळायचं, नळीत बुडबुडे कधी चालू लागतात. शब्दांत मावत नाही, चित्रात थांबत नाही. तिथल्या तिथे खांद्यामागून चाळीस सेकंद चित्रण केलं. आवाजासकट, कारण ओढायला लागलं की व्हेंच्युरीचा सूर बदलतो आणि काकू त्या सुरावरूनच ओळखतात.

शेवटच्या ड्रिपरला पट्टी केशरी झाली. मोटर बंद.

६ जानेवारी

नळ्यांची टोकं उघडली. आधी तांबूस, मग दुधासारखं पांढरं, बारीक खड्यांसकट. आबा खुर्ची टाकून बसले होते. पहिल्या नळीतून खडे पडायला लागले तेव्हा उठून जवळ आले, ओंजळीत घेऊन बघितले.

मग ध्वनिफीत. पहिल्या झाडापाशी २०० मिलि. शेवटच्या झाडापाशी, ताणाआधी जिथे ग्लास निम्माही भरत नव्हता, तिथे १९०.

११ जानेवारी

गटाकडे सोपवलेलं: बॅकवॉशचा व्हिडिओ १ मिनिट ५० सेकंद, ॲसिडचा ३ मिनिटं, व्हेंच्युरीचा ४० सेकंद, तिन्ही दोन प्रतींत. तीन मिनिटांची फीत. फिल्टरचा स्टिकर, झाकणाचा स्टिकर, बिल्ल्यांचा संच, घरच्यासाठी कार्ड. आणि पांढरा मग, प्रत्येक फिल्टरला एक. ६४ पानांचं पुस्तक त्यांच्याकडे राहील, सुट्या भागांच्या यादीसाठी ते चांगलं आहे.

शेजारच्या तालुक्यातल्या एका गटाने व्हिडिओ मागितले आहेत. नुसते पाठवायचे नाहीत असं ठरवलं. त्यांच्या फिल्टरची जुळणी वेगळी असेल तर बेचाळीस एकतीस तिथे चुकीचं ठरेल. आधी जाऊन वॉल मोजायचे.

दुपारी काकूंचा फोन आला. जाळीचा फिल्टर धुताना रबराची रिंग उलटी बसते, त्याचं काही करता येईल का, असं विचारत होत्या. मंगळवारी जाते आहे.